आठव्या तंबूची चेन

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठरलं. सोमवारी सकाळची गाडी. मामेभावाच्या गॅरेजमध्ये जागा आहे, राहायची सोय आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे बाबा नाहीत.

आज पुन्हा तेच. ताडपत्री-तंबूंच्या दुकानात आम्ही दोघंच, मधे दोन शिलाई मशीन, आणि बाबा आईला फोन करून सांगतात, "त्याला सांग, जाड दोरा संपलाय." मी पाच हातांवर बसलोय! मी पण आईला फोन केला. "त्यांना सांग, दोरा त्यांच्याच मांडीखाली आहे." आई म्हणाली, मी काय टेलिफोन खात्यात आहे का?

कॉलेज सोडून आठ महिने झाले. पहिल्या महिन्यात भांडलो, दुसऱ्यात दार आपटून निघून गेलो, मग पुन्हा भांडलो, पुन्हा दार आपटलं. आता बिजागरीच निखळली आहे. बोलणं बंद.

दुपारी ती आली. चष्म्याच्या दुकानाची ती. सोबत तिचे वडील, म्हणजे चष्मेवाले. शनिवार-रविवारच्या शिबिराचे आठ तंबू कुठवर आले ते बघायला. बाप आणि मुलं, तळ्याकाठी, दोन दिवस. दरवर्षी चष्मेवालेच भरवतात. मी आठव्या तंबूच्या दाराला निळ्या दोऱ्याने चेन बसवत होतो. ती म्हणाली, "तू पण ये की. वयाची अट नाही. बाप मात्र हवा."

त्यानंतर काय शिवलं, देव जाणे.

बुधवार, १९

रात्रभर विचार केला. शिबिराला जायचं. तिला सांगायचं. सोमवारी निघून जायचं. तिने नाही म्हटलं तर गाडी तयारच. हो म्हटलं तर... इतका पुढचा विचार केला नाही.

अडचण एकच. बाप लागतो.

आईला म्हटलं, त्यांना विचार. आई आत गेली, लगेच बाहेर आली. "ते कालच नाव देऊन आले. तुझंही."

गुरुवार, २०

सकाळी दुकानात गेलो तर बाबा माझ्याआधी हजर. आठवा तंबू मांडीवर. मला बघून घडी घातली. काल मी स्वतः फरशी झाडली होती, आज पुन्हा खाली निळ्या दोऱ्याचे तुकडे. बाकीचे सात त्यांनी तपासून कधीच बांधून ठेवले आहेत. हा आपल्याला, म्हणाले. माझ्याशी नाही, तंबूशी.

बॅग भरली. पलंगाखाली सरकवली.

शुक्रवार, २१

तिला काय सांगायचं ते पाठ करतोय. आरशासमोर बरं जातं. आरसा हसत नाही.

शनिवार, २२, संध्याकाळ

सगळं नीट लिहितो.

सकाळी टेम्पोने पोचलो. बाबा आणि चष्मेवाले धरून आठ बाप, नऊ लेकरं, सगळी दहाच्या आतली. शिवाय ती आणि मी. समोरचे दोन्ही दात पडलेल्या एका पोराने मला विचारलं, "काका, तुमचा मुलगा कुठेय?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काय. जरा लवकर वाढला." सगळे हसले. मी पण हसणार होतो, पण आमचं बोलणं बंद आहे हे आठवलं.

शिबिराचा नियम असा की तंबू मुलांनी ठोकायचा. बापाने हात लावायचा नाही, विचारलं तरच सांगायचं. मी कशाला विचारतोय! एकट्याने ठोकला. तीनदा पडला. बाबा दगडावर बसून उकडलेलं अंडं सोलत होते. चौथ्यांदा उभा राहिला तेव्हा नुसतं "हं" म्हणाले.

दुसरा नियम, दुपारी दोन ते चार तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. लहानांनी पळू नये म्हणून ती प्रत्येक तंबूची चेन बाहेरून ओढत निघाली. आमच्याही दाराशी आली. वाकली. मी तोंड उघडलं. सर्रकन चेन बंद.

पाच मिनिटांनी मला बाहेर जायचं होतं. (तिच्याकडे. अजून कुठे?) चेनला हात घातला तर आतून पकडायला काही नाही! चेन सरकवणारा जो रनर, त्याची पट्टी फक्त बाहेरच्या बाजूला. लॉकवाला रनर, पट्टी ओढल्याशिवाय हलत नाही. नखाने ढकलला, नख तुटलं. माझा मंगळवारचा प्रताप. तंबूला सगळीकडे दोन्ही बाजूंना पट्टी असलेला रनर लागतो, हे मला सहावीपासून माहीत आहे.

बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी थेट बोललो. "चुकलंय. शिवण उसवा."

बाबांनी खिसे चाचपले. "सुरी घरी राहिली."

टाके उसवायची ती छोटी सुरी त्यांच्या खिशात नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा खिसा फुगलेला आहे.

"मग हाक मारतो कोणाला तरी."

"मार. आठही तंबू आपल्या दुकानाचे. तंबूवालाच तंबूत अडकला म्हणून सांग सगळ्यांना. बस खाली."

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. दोन पेले. बिस्किटांचा पुडा. दोन तासांचा बंदोबस्त.

मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. पण दीड माणसाच्या तंबूत पाठ करून किती बसणार? वळलो की गुडघा त्यांच्या कानाला लागत होता. शेवटी ते म्हणाले, "कॉलेज का सोडलंस? मन लागत नव्हतं हे आईला सांग. मला खरं सांग."

दार असतं तर आपटलं असतं. दार नव्हतं. सांगून टाकलं. तुम्ही शिवलेली बॅग बाकावर होती, सर ती बघून वर्गासमोर म्हणाले, ताडपत्रीवाल्याचं पोर, ठिगळं लावण्यापलीकडे काय करणार. मी त्यांचं हजेरीपुस्तक खिडकीतून फेकलं आणि निघून आलो.

मला वाटलं, बाबा आता पेटणार.

"कितव्या मजल्यावरून?"

"दुसऱ्या."

"आणि बॅग? फाटली नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर." चहा ओतला. "तो खोटं काय बोलला? ठिगळंच लावतो आपण. त्याला म्हणायचं होतंस, या, लावून दाखवा एक." आणि हसायला लागले. अख्खा तंबू हलत होता. मग मात्र हसू थांबवून म्हणाले, "आठ महिने मी तुला आळशी समजत होतो. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. दोघं सारखेच गाढव."

माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. बिस्किटाचा चुरा असावा.

"सोमवारची गाडी किती वाजताची?"

माझं बिस्किट चहात पडलं.

"पलंगाखालची बॅगही मीच शिवलीय. भरली की कशी दिसते, मला कळतं. जायचं तर जा. पोचवायला येतो. फक्त रागावून जाऊ नकोस, परत यायला लाज वाटते." मग म्हणाले, "आणि ती चष्मेवाल्यांची मुलगी?"

"तिचं काय?"

"त्यांच्या दुकानाच्या कापडी छताला चार महिन्यांत तीनदा शिवण घालून आलास. माझ्या हातचं कापड दहा वर्षं उसवत नाही."

चारला चेन उघडली. ती. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "चेन उलटी लागलीय," एवढंच बोललो.

"दिसतंय," ती म्हणाली. गाल लाल होते. उन्हाने असतील.

रविवार, २३

तंबूची घडी घालायला दोन माणसं लागतात. ती समोरचं टोक धरायला आली.

"उद्या चाललास म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या कापडातून पाणी जात नाही. आवाज जातो."

मेलो. सगळं ऐकलं होतं तिने. शेजारच्या तंबूतून. छताचंही.

कापडाची टोकं जुळवायला जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "आमचं छत या आठवड्यात चौथ्यांदा फाटणार आहे. कात्री मी काढून ठेवलीय. तू नसलास तर कोण येईल शिवायला?"

"बाबा येतील."

"बाबा नकोत."

परतीच्या टेम्पोत तो बिनदाताचा माझ्या मांडीवर झोपला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. शीळ घालत होते!

सोमवार, २४

गाडी गेली. मी गेलो नाही. मामेभावाला कळवलं. तो म्हणाला, मला अंदाज होताच.

आईने शिबिराचे कपडे भिजवायला सांगितले. बाबांच्या पँटच्या खिशात उसवायची सुरी निघाली. सोबत कागदात गुंडाळलेला रनर, दोन्ही बाजूंना पट्टी असलेला. त्यावर मंगळवारचा, माझ्याच हातचा निळा दोरा.

म्हणजे मी चेन बरोबर लावली होती.