आवडाबाईंच्या आईचं लुगडं

१४ एप्रिल १९५८, माले
दुपारी राखमा आली, आवडाबाईंची सून. काखेत बोचकं. "आत्याबाईंनी धाडलंय." आत त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं, पोपटी हिरवं, कडुनिंबाचा पाला घालून घडी केलेलं. म्हातारी जाऊन वर्ष झालं. त्याची गोधडी हवी. आ. बाईंना मोतीबिंदू, सुई दिसत नाही, म्हणून मी. हे इथल्या शाळेवर आले त्या वर्षी टाका धरायला मला त्यांनीच शिकवलं. निरोप एवढाच: "गेलेल्या मानसाचं लुगडं कापायचं न्हाई. अखंड वर घालायचं. आत काय बी भरा." बरं म्हटलं.

१७ एप्रिल
पुण्याहून पत्र. शाळा तपासायला साहेब आले होते, त्यांच्या पत्नी माझी एक गोधडी घेऊन गेल्या होत्या. आता तशीच बहिणीला हवी. "तुमच्या गोधडीत काही नियमच नाही, हीच गंमत." तीनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, भाकरी करपतेय.

खरं आहे पण. इथल्या बायका कडेपासून धरतात आणि फेर घालत मधे येतात, ठिगळं सारखी, टाके ओळीत. मी हात जाईल तसं कापते. तिरकं, त्रिकोणी, कधी पोलक्याची बाही आहे तशीच. आ. बाई म्हणतात, "बाई, तुमची गोधडी दारू प्याली व्हय?" मला हसू येतं आणि बरंही वाटतं.

२१ एप्रिल
पुण्याच्या गोधडीसाठी तुकडे मांडले. लाल, हळदी, चंद्रकळेचं काळं. हिरवं नाही. हिरव्यावाचून सगळं आजारी दिसतंय. पौडला जाऊन नवं कापड आणावं, तर नव्याला तो मऊपणा नाही. बोचकं समोरच होतं. निऱ्यांच्या आतलं वीतभर घेतलं. वर घालताना दुमडून टाकीन, कळणारसुद्धा नाही.

२३ एप्रिल
वीतभराने भागलं नाही.

२७ एप्रिल
गोधडी एस.टी.ने गेली. इतकी सुरेख मी कधीच केली नव्हती. हे लिहायची लाज वाटते, पण आहे तसं लिहिते. लुगड्याचे काठ आणि पदर उरलाय. मधलं सगळं पुण्याला.

२ मे
आ. बाई चौकशीला येणार हे कालच कळलं होतं. सकाळी कातरलेल्या कडांचे दोरे उपसून ठेवले, कुरतडल्यासारखं दिसावं म्हणून. तास गेला त्यात. एरवी मला उसवायचा केवढा कंटाळा.

"उंदरांनी खाल्लं, आवडाबाई. उघडलं तेव्हाच असं होतं."

त्या खाली बसल्या. काठ हातात घेऊन बोटांनी चाचपत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. "माळ्यावर ठिवलं असंल सुनंनं. डब्यात ठिव म्हनलं व्हतं." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा टाकला.

६ मे
विहिरीवर कळलं. राखमाच्या पाठच्या बहिणीचं लग्न परवा मुठ्याला. तिला पाठवणार नाहीत. आ. बाई म्हणाल्या म्हणे, "घरातली चीजवस्त सांभाळता येईना, तिनं मिरवाय कशाला जायाचं?"
अजून वेळ आहे. आज जाऊन सांगितलं तर राखमा उद्या निघेल. पदर खोचून दोनदा दारापर्यंत गेले. नाही गेले. डोकं दुखतंय असं यांना सांगितलं, आणि मग ते खरंच दुखायला लागलं.

८ मे
आज लग्न. दुपारी राखमा स्वतःहून आली. पायरीवर बसली, आत ये म्हटलं तर आली नाही.
"बाई, म्या सवता घडी मोडून पायली व्हती. डब्यातच व्हतं. एक भोक न्हवतं."
मी उंबऱ्यावरचे दोरे वेचत राहिले.
"तुमाला काय म्हनत न्हाई म्या. सांगितलं तर माझं कोन खरं धरनार? तुमी मास्तरांच्या मंडळी."
रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी तरी काही बोलले असते. थोडं पाणी मागितलं, प्यायली, आणि "अक्षता पडल्या असत्याल आता" म्हणून उठली.

१० मे
जेवण जात नाही. यांना सगळं सांगितलं. हातातला घास पानात परत ठेवला. मग म्हणाले, "वर्गात पोराने चूक दुसऱ्यावर ढकलली की मी त्याला उभा करतो." पान तसंच टाकून बाहेर गेले. एवढं वाईट मला ते ओरडले असते तरी वाटलं नसतं.

१३ मे
गेले. आ. बाई ओसरीवर पावटा निवडत होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. उभ्या उभ्याच सांगितलं. कापलं मी, कुठे गेलं, दोरे उपसले तेही.

"ठाव हाय."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"उंदीर खात न्हाई बाई, भुसा करतो. भुसा कुटं व्हता? आन कात्रीची कड बोटाला कळती. डोळं गेलं, बोटं न्हाई गेली."

मग राखमाला का? लग्नाला का नाही पाठवलं?

हात थांबला नाही त्यांचा. "आईचं लुगडं गेलं. राग आला व्हता लई. कुनाला बोलू? तुमाला? गावात उद्या कोन उभं करंल मला? सुनंला बोलता येतं." मग म्हणाल्या, "चुकलं माझं. परवा बायका येनार हायेत, उरल्याल्याची गोधडी घालाय. काठ वर लावू. तुमचं तुमी सांगा तितं. माझं नगं काडू. मला तिच्यासंगंच दिस काडायचंत."

१५ मे
आ. बाईंच्या अंगणात नऊ जणी. पदर मधे अखंड घातलाय, भोवती काठ. मी टाके ओळीत घातले, अगदी त्यांच्यासारखे. पहिला फेर पुरा झाला तेव्हा बोलले. लुगडं मी कापलं, उंदरांचं खोटं सांगितलं, राखमाची काही चूक नव्हती. आवाज माझाच मला ओळखू येईना. दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला.

राखमाने सुई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, मग परत माझ्याकडे. "म्हंजी आत्याबाईंनाबी ठाव न्हवतं?"

आ. बाई मान खाली घालून काठ ताणून धरत होत्या.

"नव्हतं," मी म्हटलं.

राखमाचा चेहरा उजळला. सरकून सासूजवळ बसली, त्यांच्या हातातला काठ आपल्या हातात घेतला. "जाऊ द्या आत्याबाई, तुमाला तरी काय ठाव," म्हणाली. घरी आले तरी ते कानात आहे. हे विचारतात, सांगितलंस ना सगळं? हो म्हटलं.