हरलेल्यांचं भरीत

चिरंजीव आवेज,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. माझी शाळा चौथीपर्यंतच, त्यात काही चुकीचं लिहिलं जाईल ही धास्ती.

बाप गेल्यापासून माझा नातू ललित घरात मुका झाला होता. तूच त्याला जळगावच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात ओढलंस, गोलकीपर केलंस. "जिंकून या, शेतात भरीत खाऊ घालतो," असं मी बोलून बसलो आणि तुम्ही हरतच गेलात. माझ्याच बोलण्याची बाधा झाली असं वाटून मला झोप लागेना.

धुळ्याचा शेवटचा सामनाही गेला. ललित पुन्हा तोंड मिटून बसेल म्हणून मी घाबरलो, तर तू सगळा संघ घेऊन शेतात हजर! "आबा, जिंकायची वाट बघाल तर वांगी संपतील," म्हणालास. मागून कुणी अहिराणीत ओरडलं, "हारनूत, पन भूक ते शेच ना!" खरंच, हरलं म्हणून भूक थोडीच जाते.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं ललितकडे फेकून तू म्हणालास, "हे तरी पकड, गोलकीपर!" ते त्याच्या हातून निसटलं आणि तो हसला. वर्षभरानं हसला रे. तेव्हाच तुला जवळ घ्यायचं होतं, पण भाकरी वाढायच्या गडबडीत राहून गेलं.

आता तू कॉलेज सोडून दोंडाईच्याला वडिलांच्या दुकानात बसणार, असं बाजारात ऐकलं. ललितला अजून माहीत नाही. त्याला तुझा पत्ता विचारला तर कळेल, म्हणून हे पत्र उशाखालीच आहे.

पुढच्या वर्षी हरलात तरी वांगी लावून ठेवतो. तू येशील ना, तेवढं लवकर कळव.

तुझा,
पुना आबा