अप्पांच्या शेजारची जागा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायला मला आता कारण लागत नाही. आज मात्र कारण आहे.

यंदा लेकीकडे इंग्लंडला राहून आले. ती दोघं कामावर गेली की दिवसभर घर खायला उठायचं. मग स्वेटरवर शाल गुंडाळून मी कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत चालत जायची. चर्चभोवती जुन्या कबरी आहेत. शेवाळलेले, कललेले दगड, त्यांवर कोरलेली पंखवाली बाळं, वाळूची घड्याळं, कवट्यासुद्धा. एक तर भलीमोठी दगडी पेटीच, कडेनं द्राक्षाचे वेल कोरलेली. पहिल्या दिवशी मी तिला कट्टा समजून वर ऐसपैस बसले आणि इथून नेलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी खाऊन आले. लेकीनं कपाळाला हात लावला. "अगं आई, ती कबर आहे." म्हटलं, एवढी लांब? "ते पुरताना झोपवतात गं. आपल्यासारखं बसवत नाहीत." मला बाई त्यांची कीवच आली. एवढी वर्षं आडवं पडून पाठ अवघडत नसेल?

तुम्हाला बसवलं तो दिवस अजून दिसतो. मंद्रूपच्या रानात, चिंचेखाली, मांडी घातलेली, तळहातावर इष्टलिंग, कपाळभर विभूती. लोक बेलाची पानं टाकताहेत आणि तुम्ही ताटाची वाट बघत बसल्यासारखे दिसताय. वर दगड नको, नांगराला आडवा येईल, असं तुम्हीच बजावून ठेवलं होतं. त्यामुळे आज तिथं फक्त काळी माती आहे.

एका रविवारी लेक बरोबर होती. एक म्हातारी नवऱ्याच्या दगडाजवळचं गवत कात्रीनं कापत होती. दगडावर त्याच्या नावाखाली तिचंही नाव कोरून तयार, फक्त मरणाचं साल कोरं. मी लेकीला विचारायला लावलं, भीती नाही वाटत? म्हातारी हसली. म्हणाली, "कुठं जायचं ते तरी ठरलंय." अप्पा, मला तिचा हेवा वाटला.

कारण माझं काहीच ठरलेलं नाही. तुमच्या जावयांना, आमच्या ह्यांना, शहरातल्या रुद्रभूमीत बसवलं होतं. तिथं जागेची टंचाई, त्यांच्या जागी कधीच दुसरं कुणीतरी बसलंय. म्हणून परत आल्यावर मंद्रूपला गेले आणि धाकट्या भावाला सरळ विचारलं, मला अप्पांच्या शेजारी बसवशील का?

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "आक्का, तुजं मन कळतंय की मला. पर दिल्या घरच्या लेकीची जागा हितं कुटं असती? उद्या पोरं म्हनतील, आत्तीनं रानात हक्क लावला."

"मला हक्क नको रे. मांडी घालण्यापुरती जागा हवी."

"व्हय, पर लोकांला कोण सांगनार?"

तो वाईट नाही, अप्पा. जाताना पिशवीभर हुरडा दिला, एस्टीत बसवून दिलं. मी खिडकीतून तुमची चिंच दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. फार एकटं वाटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर एक दिवस लेकीच्या हाती लागेल, म्हणून वाचून झालं की फाडणार आहे. काल तिचा फोन आला होता. "मामा काय म्हणाला गं?"

मी सांगितलं, हो म्हणाला.