मशीन चालूच होतं

देवास, १८ जानेवारी

चि. सौ. माधवीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक. चिऊची सर्दी गेली का? तुझे सासरे भैयासाहेब आणि सासूबाई, दोघांना नमस्कार सांग. तू शिकलीस हिंदी शाळेत, म्हणून अक्षर सुटं नि मोठं काढतोय. अडलीस तरी जावईबापूंकडून वाचून घेऊ नकोस, स्वतःच वाच.

फोन तू उचलत नाहीस. बाळंतपणानंतर पहिल्यांदा आलीस, आईच्या रिकाम्या खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन स्वतः लावून पाहिलंस. खोलीभर घरघर झाली. "बाबा, मी रोज आईशी बोलायचे तेव्हा हे बंद करत होतात ना? मला एकदाही ऐकू नाही आलं," म्हणालीस आणि उत्तर न घेताच सासरी धारला निघून गेलीस.

तुझ्या आईचा श्वास मी बंद करीन, माधवी? फार लागलं मला ते.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस बघ. चोर तो फोन! टेलिफोन खात्यात माझा जन्म गेला. आमच्या काळ्या फोनातून कुकरची शिट्टीसुद्धा पलीकडे जायची. आताच्या फोनला दोन कान असतात, एक तोंडापाशी, एक मागे. तोंडापाशी मोठं येतं ते बोलणं. दोन्हींकडे सारखं येतं ते बाहेरचं, असं तो धरतो. पंखा, मिक्सर असला एकसुरी आवाज तर लगेच ओळखतो, वजा करतो आणि उरलेलं बोलणं तेवढं पुढे पाठवतो. मी मशीन लावून, शेजारी बसून समोरच्या घरातल्या बळवंतरावांना फोन केला. ते ओरडतात, "अरे भिया, मशीन चालू तो करो पहले!" चालूच होतं गं. तूही मिक्सर लावून बघ.

आजार लपवला, हे मात्र खरं. डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठायला मनाई केली होती, आणि तू ऐकणारी नव्हेस. आई म्हणाली, "एक जीव जायचा तो जाऊ दे, येणारा नीट येऊ दे." तू व्हिडिओ कॉल मागितलास की केस विंचरले नाहीत म्हणायची.

आता लिहायचं टाळत होतो ते. तुझा शेवटचा फोन. बाळ फार लाथा मारतंय, असं सांगत होतीस. मग "आई? हॅलो? नेट गया लगता है," म्हणून ठेवलास. टॉवर गेला होता, असं मी नंतर सांगितलं. गेला नव्हता. तिला शब्द फुटत नव्हता, नुसता श्वास चालला होता, आणि फोननं तोही खरखर समजून गाळला. मी बोलायला पुढे झालो, तर तिनं हातानं थांबवलं. तुझं सगळं तिला ऐकू येत होतं. लाथांचं ऐकून हसलीसुद्धा. तू ठेवल्यावरही बराच वेळ फोन कानाशीच धरून होती. दुसऱ्या दिवशी गेली.

मला तिची फार आठवण येते, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

रविवारी संध्याकाळी फोन करीन. उचल. माझ्याकडून काहीच ऐकू आलं नाही, तरी ठेवू नकोस. मी असेन.

तुझे,
बाबा