उजव्या अंगठ्याची तबकडी

सन्माननीय व्याहीबुवा यांस,

सादर नमस्कार. आपली आणि विहीणबाईंची प्रकृती उत्तम असणार. जिवाणूंच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ज्या घरात राहतात, त्या घरात शिरायची हिंमत कोणता आजार करील? (विहीणबाईंचे गुडघे हा अपवाद. पण त्यात जिवाणूंचा हात नाही, असं आपणच सांगितलं होतं.) इकडे सर्व क्षेम. आपली कन्या, म्हणजे आमची सूनबाई, मजेत. आपली आणि माझी सामाईक नातही मजेत. परवा दोन वर्षं चार महिन्यांची झाली आणि 'नाही' हा एकच शब्द तिला आता सात प्रकारे म्हणता येतो. आमची ही ठीक. माझा उजवा अंगठा उत्तम. त्याच्या उत्तम असण्याबद्दलच हे पत्र आहे, पण तिथवर पोचायला जरा वेळ लागेल. मी घड्याळजी आहे, घाईनं कुठलंच झाकण उघडत नाही.

प्रथम डब्याविषयी. गेल्या महिन्यात आपण आलात आणि आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखोटीला मारून घेऊन गेलात. त्यात बिस्किटं नाहीत हे आपल्याला ठाऊक होतं. त्यात उरलेल्या गोळ्या होत्या. हिच्या दाढेच्या वेळच्या पिवळ्या, चिरंजिवांच्या घशाच्या वेळच्या लाल-पांढऱ्या कॅप्सूल, शेजाऱ्यांच्या कशाच्या तरी वेळच्या लांबट पांढऱ्या. सगळ्या वेगवेगळ्या पुड्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी. (काही चिठ्ठ्यांवर 'बहुधा ताप' असं लिहिलेलं आपण मोठ्यानं वाचलंत, तेही सूनबाईंसमोर. असो.) माझा विचार साधा होता. डॉक्टर सात दिवसांच्या गोळ्या देतात, माणसाला तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. मग उरलेल्या चार दिवसांच्या गोळ्या बरं वाटणाऱ्या माणसाच्या पोटात कशाला घालायच्या? त्या पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतील. गल्लीतले लोक मला 'अर्धे डॉक्टर' म्हणतात. अर्धे का, हे मी कधी विचारलं नाही. मानाचं पद मिळालं की फार खोलात जाऊ नये.

आता अंगठा. एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग काढत होतो, ती सुटली आणि उजव्या अंगठ्याच्या टोकाला चावली. अंगठा लाल झाला. मी डब्यातल्या तीन पिवळ्या घेतल्या, लाली गेली, उरलेल्या दोन परत डब्यात ठेवल्या. आठ दिवसांनी अंगठा पुन्हा सुजला. आता कॅप्सूल, चार. पुन्हा उतार. मग पुन्हा सूज आणि लांबट पांढऱ्या. एकाच जखमेतून तीनदा बरा झालेला माणूस दुसरा दाखव, असं मी हिला म्हणालो सुद्धा. चौथ्यांदा मात्र अंगठ्यानं ऐकलं नाही. चिमटा धरवेना, स्क्रू दिसायचा पण उचलता येईना, आणि हॉस्पिटलातल्या सर्जनबाई अंगठा उलटसुलट करून म्हणाल्या की औषध लागू पडलं नाही तर टोक काढावं लागेल. अगदी नखं काढावीत अशा आवाजात म्हणाल्या. मग आपण आलात, कापसाच्या काडीवर पू घेतलात, हात धुतलेत, आणि जाता जाता सांगितलंत की नातीनं या अंगठ्याला हात लावायचा नाही. ती रोज सकाळी तोच अंगठा धरून माझ्याबरोबर दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत चालत येत असे. हे मी सहज लिहितो आहे, पण वाटलं ते सहज नव्हतं.

त्यानंतर निकाल पाहायला मी हट्टानं आपल्या प्रयोगशाळेत आलो, त्या दिवसाबद्दल माफी मागायची राहून गेली आहे. वस्तुस्थिती अशी की भिंतीवरचं आपलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. घड्याळजीला मागे पडलेलं घड्याळ दिसलं की त्याचा हात आपोआप वर जातो. मी स्टुलावर चढलो, डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात आपल्या तिथल्या बाईंनी "कशालाही हात लावू नका" असं इतक्या जरबेनं म्हटलं की मी घड्याळ सोडून भिंतच धरली. दरम्यान भिंग टेबलावरच्या इतर वस्तूंबरोबर त्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये गेलं. ते पूर्णपणे निर्जंतुक होऊन बाहेर आलं, फक्त त्याचा आकार चमच्यासारखा झाला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्याआधी मी त्या भिंगातून आपल्या जिवाणू वाढवायच्या बशीत वाकून पाहिलं तेव्हा आपण हसलात. माझं भिंग दहापट मोठं दाखवतं, जिवाणू दिसायला हजारपट लागतं, हे हसल्याशिवायही सांगता आलं असतं.

तरी त्या दिवशी आपण जे सांगितलंत ते माझ्या डोक्यातून जात नाही. खाणं आणि ऊब मिळाली की एकाचे दोन व्हायला यांना वीस मिनिटं पुरतात. मी गेली चाळीस वर्षं वेळेशी झटापट करतो आहे, इतका वक्तशीर प्राणी पाहिला नाही. घरी येऊन मी आकडेमोड केली. सकाळी आठला दुकान उघडताना एकच जिवाणू आत आला आणि त्याला कुणी त्रास दिला नाही, तर रात्री आठला कुलूप लावताना अडुसष्ट अब्ज एकाहत्तर कोटींच्या वर भरतात. (तेवढ्या वेळात माझी दोन घड्याळं दुरुस्त होतात, तीही गिऱ्हाईक कटकट करत असेल तर.) हे असं आहे तर जग अजून जिवाणूंनी काठोकाठ कसं भरलं नाही, असं मी आपल्याला फोनवर विचारलं. आपण म्हणालात, खाणं संपतं आणि आपल्याच घाणीत गुदमरतात. ऐकून बरं वाटलं. आमची ही आकडेमोडीचा कागद कपाटात खाली अंथरायला घेऊन गेली.

पण खरी गंमत त्या मोठ्या बशीची. आपण ती समोर ठेवलीत आणि मी पाहतो तर घड्याळाची तबकडी. मधे जेलीवर माझ्या अंगठ्यातले जिवाणू, चुना फासावा तसे पसरलेले, आणि कडेनं बारा कागदी टिकल्या, प्रत्येकीत एक औषध, अगदी बाराच्या बारा तासांच्या जागी. ज्या औषधाला जिवाणू घाबरतात त्या टिकलीभोवती ते उगवत नाहीत आणि एक स्वच्छ गोल राहतो, असं आपण समजावलंत. मी एकपासून सुरुवात केली. एकच्या ठिकाणी गोल नाही. दोन, तीन, चारला नाही. जिवाणू टिकलीला टेकून बसले होते, जसे आपले ओळखीचे लोक ओट्यावर बसतात. यातली माझ्या डब्यातली कोणती, मी विचारलं. आपण एक, तीन आणि चारवर बोट ठेवलंत. फक्त सातच्या ठिकाणी चांगला रुपयाएवढा स्वच्छ गोल होता. बाराही तासांत तेवढा एकच तास चालू.

आता कबुली देतो. त्या संध्याकाळी मी न्हाव्याकडे दाढी करताना सांगितलं की बारा औषधांपैकी अकरांना मी दाद दिली नाही. न्हाव्यानं माझं अभिनंदन केलं. पुढच्या खुर्चीतल्या औषधांच्या दुकानदारानं मात्र मान वळवून न्हाव्याला हात धुवायला सांगितलं. मी आपल्याला रागानं फोन केला, तेव्हा आपण शांतपणे माझा फुगा फोडलात. दाद मी देत नव्हतो असं नाही, ते देत नव्हते. माझा काही संबंध नव्हता, मी फक्त घरमालक. तीन गोळ्यांत लेचेपेचे मेले, चिवट उरले, आणि मी नेमका तेव्हा हात आखडता घेतला. चिवटांची पोरं चिवट, आणि वीस मिनिटांना एक पिढी. शिवाय एकाला सापडलेली युक्ती ते शेजाऱ्यालाही देतात, किल्लीवरून किल्ली करून द्यावी तशी. "तुम्ही त्यांना मारलं नाहीत, तालीम दिलीत," असं आपण म्हणालात. मुलीच्या सासऱ्याला इतकं स्पष्ट बोलताना आपल्यालाही जड गेलं असेल. (गेलं नसेल तर तसं कळवू नये.)

तर सातचं औषध. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकूण अठ्ठावीस इंजेक्शनं. आज नववा दिवस संपला, अठरा झाली. सिस्टर सकाळी डावी बाजू घेतात आणि संध्याकाळी उजवी, त्यामुळे मी दुकानातल्या स्टुलावर लंबकासारखा झुलत बसतो. पण अंगठा पाहाल तर ओळखणार नाही. सूज नाही, ठणका नाही, आज सकाळी बायकांच्या घड्याळातला बारीकात बारीक स्क्रू पहिल्या प्रयत्नात उचलला. सर्जनबाई आता टोकाचं नाव काढत नाहीत. म्हणून माझी नम्र विनंती अशी की उरलेली दहा इंजेक्शनं रद्द करावीत. बरा झालेला माणूस दिवसातून दोनदा टोचून घ्यायला जातो हे बरं दिसत नाही. सिस्टर आपल्या शब्दाबाहेर नाहीत, मी शब्द टाकला तर त्या नुसत्या भुवया वर करतात. तेव्हा आपण दोन ओळी लिहून द्याव्यात. आणि सवडीनं डबाही परत पाठवावा.

कळावे. लोभ आहेच; तो पूर्ण डोसात असू द्यावा.

आपला, उजव्याच हातानं लिहिणारा,
व्याही

ता. क. हे वर लिहायला संकोच वाटला. दहा इंजेक्शनं रद्द करावीत म्हणजे वाया घालवावीत असं नाही. त्या दहा बाटल्या मला द्याव्यात, मी त्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात नीट ठेवीन. बारांतलं चालणारं औषध हे एकच. उद्या नातीला काही लागलं-खुपलं, आणि नेमके हेच जिवाणू निघाले, तर घरात काहीतरी असावं. मी जन्मभर जे साठवलं ते अशासाठीच साठवलं. सूनबाईंना यातलं काही सांगू नये.

ता. क. २. (दोन दिवसांनंतर.) पत्र टाकायला सूनबाईंकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. आता या वयात अशी चूक होते. त्यांनी वाचलं. आरडाओरडा काही केला नाही, आपलीच मुलगी. एक कागद घेतला, त्यावर तबकडी काढली, अकरा ठिकाणी नुसत्या टिकल्या, सातला गोल. मग विचारलं, "बाबा, हा गोल तुम्ही तिच्यासाठी ठेवताय ना?" मी म्हटलं, हो, तिच्यासाठीच. त्या म्हणाल्या, "मग तुमची अठ्ठावीस पूर्ण घ्या. अर्धवट सोडलीत तर जे उरतील ते सातलाही टेकून बसतील, आणि मग फ्रिजमध्ये बाटली असून तिला काय उपयोग? हे औषध शिल्लक ठेवायचं तर संपवायलाच पाहिजे." मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. ठेवायचं म्हणजे उरवायचं, एवढंच मला आजवर माहीत होतं. गेलो आणि बाविसावं घेतलं. डावी की उजवी ते विचारलं नाही.

ता. क. ३. आज अठ्ठावीस पूर्ण. सिस्टरांनी भुवया खाली घेतल्या. वरचं सगळं पत्र आणि पहिला ता. क. रद्द समजावा. डबा परत पाठवावा, पण रिकामा, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं आणि मला बारीक स्क्रूंना जागा हवी आहे. (कपाटामागे आणखी एक छोटा डबा होता. तो सोबत पाठवतो आहे, आपल्या पद्धतीनं विल्हेवाट लावावी. हिला त्याबद्दल माहीत नव्हतं, ती आता हे वाचते आहे.) प्रयोगशाळेतलं घड्याळही उतरवून पाठवावं, सात मिनिटं म्हणजे आपल्या जिवाणूंची एक तृतीयांश पिढी, आपल्यासारख्यांना हे शोभत नाही. हातात घेतलेलं अर्धवट सोडणार नाही, आजवर उघडून ड्रॉवरमध्ये तशीच टाकलेली एकोणीस घड्याळंही आता पूर्ण करायला घेतली आहेत.

आणि एक. पोरगी सध्या डाव्या बाजूनं चालते आणि डावा अंगठा धरते, तिला आता त्याची सवय झाली आहे. उजवा धुऊन, पुसून तयार ठेवला आहे. त्याला हात लावू द्यायला अजून किती दिवस थांबायचं, तेवढं मात्र नक्की कळवावं. जितके सांगाल, तितके सगळे थांबेन.