चार दिवस बाजूला

आई, परवा तुझा मुलगा माझ्या घरातून उठून गेला तेव्हा चहाचा कप तसाच भरलेला होता. आज तो चार माणसं घेऊन येणार आहे. सकाळपासून मी दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहून येतेय. त्याची मुलगी, तुझी नात, आतल्या खोलीत आहे. दहावीत आहे ती, आणि तिचं लग्न ठरलंय. दसऱ्याआधी उरकायचं म्हणतात. मागच्या आठवड्यात ती तिसगावहून एकटीच एसटीनं नगरला आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आत्या, मला परत धाडू नको."

मी सध्या एक कादंबरी लिहितेय. निजामशाहीतल्या नगरची. तेव्हा या गावात हबशी लोक होते, आफ्रिकेतून समुद्रावाटे आणलेले; कुणी गुलाम राहिले, कुणी सरदार झाले. माझी नायिका सरदाराच्या घरी वाढलेली एक हबशी मुलगी आहे. मालकानं तिचं लग्न एका उतारवयाच्या घोडेस्वाराशी ठरवलंय आणि तिला ते नको आहे. ती नाही म्हणते, त्या प्रकरणापाशी मी कधीची अडून बसले आहे. मी तिला भर बैठकीत ताठ मानेनं उभी केली, मोठमोठी वाक्यं तिच्या तोंडी घातली. वाचल्यावर मलाच ती खरी वाटेना. आपल्या घरात अशा आवाजात नाही म्हणताना मी कुणालाच ऐकलेलं नाही ग.

तू तरी कुठे म्हणाली होतीस? मला पाहायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मुलगा ऊसतोडीच्या टोळीतला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणत आणि मुकादम त्याला टोळीत घ्यायला नाखूश असे. म्हणून त्याला टोळी हलायच्या आत बायको हवी होती. लेकीला पाहायला येणार म्हणून दादा बाहेर सतरंजी झटकत होते. तू परातीतून हात न काढता हळूच म्हणालीस, "जा, पडवीत कोपऱ्याला बस. कावळा शिवला."

"मला न्हाई शिवला," मी म्हणाले.

"मला ठाव हाय. तू निसतं बस. मी बोलते."

तुझ्या हातातली भाकरी फाटली. तुझी भाकरी फाटताना मी कधी पाहिली नव्हती.

मी पडवीत पोत्यावर बसलेली आहे. दादांचा आवाज चढतो, मग खाली येतो. तू एवढंच विचारतेस, विटाळातली पोरगी पाहुण्यांपुढे कशी न्यायची, कुंकू कसं लावायचं, सुपारी कशी फोडायची? पाहुणे चहा पिऊन जातात. तिकडचं कुणी पुन्हा विचारायला आलं की तू काहीतरी नवं काढतेस, उपास, अमावस्या, तुझ्या माहेरचं सुतक. काकू अंगणातून ओरडते, "हिच्या पोरीला बारमाही कावळा शिवतुया जनू! पाळलाय का काय दारात?" बायका हसतात. तूही हसतेस, आणि मी दादांकडे बघते. दादांना कळलं तर ते तुला जिवंत सोडणार नाहीत, हे मला त्या वयातही कळत होतं. शेवटी टोळी हलली, मुलानं दुसरीकडे जोडी जमवली, आणि मी शाळेत राहिले.

एक गोष्ट मात्र मला वर्षानुवर्षं टोचत राहिली. ते चार दिवस तू माझं ताट लांबून सरकवत होतीस. घरात कुणी नसतानाही. मी हात पुढे केला की तू पदर आवरून मागे सरायचीस. तुझं खोटं तुलाच खरं वाटायला लागलं की काय, असं मला वाटायचं. मी रागावून अन्न टाकलं होतं.

परवा तुझा मुलगा दारात उभा राहिला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य तुझंच निघालं. "ती बाजूला बसलीय रे."

तो मोठ्यानं हसला. "आक्का, आता कोन पाळतंय ते? माजी बायकू त्या दिसातबी ऊस तोडती."

तुझा बहाणा तिथंच संपला. मी म्हणाले, "अठराची होईपर्यंत मी तिला देणार नाही. शाळा इथं करील." आवाज इतका कापत होता की त्यानं परत विचारलं, काय म्हणलीस.

"तू पुस्तकं लिव्ह," तो म्हणाला. "पोरगी माजी हाय. आमी सहा म्हैनं फडात, हिला गावात कुनाच्या भरवशावर ठिवू? काई झालं तर भावकीत तोंड दाखवशीन का तू?" बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. तोही घाबरलेलाच होता, आई. "परवा चौघं येऊ. तवा असं सबुरीनं बोलनार न्हाई."

तो गेल्यावर मी पोरीला जेवायला वाढलं, आणि ताट पुढे करताना माझा हात थरथरतोय हे तिला दिसू नये म्हणून मी ते जमिनीवरून सरकवलं. तेव्हा मला तुझं सरकवणं आठवलं. तुझे हात मला कळू नयेत म्हणून तू मागे सरत होतीस का? विचारायला तू नाहीस.

काल मी कादंबरीतली सगळी मोठी वाक्यं खोडली. आता माझ्या हबशी मुलीचा आवाज कापतो आणि मालक तिला दोनदा विचारतो, काय म्हणालीस.

तुला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हे पत्र कुठे धाडायचं हा प्रश्न तू असतीस तरी आला नसता. इथेच थांबते. खाली जीप थांबल्याचा आवाज आलाय. पोरीला म्हटलं, "तू आत बस, मी बोलते." ती बसली नाही. येऊन माझा हात धरून उभी राहिलीय. मी तुझं ऐकलं तसं ती माझं ऐकत नाही म्हणून तिला रागवायला हवं होतं. पण खरं सांगू, मी तिला आत जा असं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. एकटीनं ती कडी माझ्याच्यानं निघाली नसती.