पर्मनंट

माय, तू बहरीनला आलीस तेव्हा कुवेतची लढाई संपून दोन वर्षं झाली होती. तिथल्या हूरा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत तू ज्वारीचं पीठ, ठेचा आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन उतरलीस. पहिल्याच दिवशी माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवरून हात फिरवत विचारलंस, "पर्मनंट हायेस नं वं?" मी हो म्हटलं. जिल्हा रुग्णालयात तू अकरा वर्षं रोजंदारीवर आया होतीस. पर्मनंटचा कागद मिळाला त्या दिवशी तू सगळ्या वॉर्डात पेढे वाटले होतेस. तुला मी दुसरं काय सांगणार होते?

खरं म्हणजे तिथे आमच्यातलं कुणीच पर्मनंट नव्हतं. व्हिसा दोन-दोन वर्षांचा, तोही हॉस्पिटलच्या भरवशावर, आणि पासपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या कपाटात. मेट्रन पेशंटसमोर वाटेल ते बोलायची, सलग दोन शिफ्ट लावायची. पण दुसरीकडे जायचं तर याच हॉस्पिटलने सोडल्याचं पत्र हवं, आणि ते कुणाला देत नसत. नोकरी सोडली की देशही सोडायचा. वीस-वीस वर्षं राबलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या की महिन्याभरात सामान बांधायच्या. तुझ्या जावयाचा वर्कशॉपमधला पगार माझ्याहून कमी, त्यामुळे घर माझ्या शिफ्टवर चालायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या हॉटेलचे एसी तेवढे दिसायचे. भाकरी थापताना तू म्हणायचीस, "इथून आभाय नाही दिसत."

एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. दोन शिफ्ट करून मी घरी आले आहे, दीड वर्षाच्या पोरीने दूध सांडलं आहे, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घालते. तू भाकरी तव्यावर तशीच टाकून येतेस, तिला उचलून घेतेस. "दवाखान्यात लोकाच्या लेकराले सोन्या-राजा करतेस, अन् घरच्या लेकरावर हात उचलतेस?" मी म्हणते, "मला शिकवू नकोस." त्या दिवशी आपण दोघीही जेवलो नाही.

त्याच आठवड्यात तुझा व्हिजिट व्हिसा संपत आला. तुला फॅमिली व्हिसावर ठेवता येईल का, हे विचारायला मी ऑफिसात गेले. तिथला मल्याळी क्लार्क म्हणाला, "सिस्टर, हजबंड-बच्चा चलेगा, माँ का नहीं होगा." घरी येऊन मी तुला एवढंच सांगितलं, "गुरुवारचं तिकीट काढलंय."

तू पोरीचे केस विंचरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी बोलली म्हून धाडतेस काय मले?"

"नाही गं," मी म्हटलं. नियम सांगितला असता तर तू विचारलं असतंस, पर्मनंट बाईच्या मायले कोण हाकलतं?

पुढच्या वर्षी तू गेलीस. रजा मंजूर होऊन पासपोर्ट हातात पडेपर्यंत तुझा जलदानविधीही उरकला होता. शेजारची मावशी म्हणाली, तू शेवटपर्यंत सांगायचीस, "माहं तोंडच वाईट, म्हून पोरीनं ठेवलं नाही."

आता माझीही नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर बहरीनही. नागपुरात राहते. हे कुणी वाचणार नाही. लेकीला मराठी समजतं पण वाचता येत नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. सगळ्यांना मी सांगत आले की तिथला नियमच तसा होता. ते खोटं नाही. पण क्लार्क तेवढंच बोलून थांबला नव्हता. "मेट्रन का लेटर लाओ सिस्टर, दो महीना और मिल जाएगा, इंशाल्ला," असंही म्हणाला होता. मी मेट्रनच्या केबिनपर्यंत गेले. दार उघडं होतं, आत ती एकटीच होती. काय हवंय, असं तिने विचारलंसुद्धा. मी म्हटलं, काही नाही.